टाकीतला श्वास

१

टाकी रिकामी होती, आणि तिच्यात आपली चार वर्षांची मुलगी होती असं बाहेरच्या बाकावरची बाई रडत सांगत होती.

पोलिसांनी मला बोलावलं होतं ते टाकीसाठी. मी फ्लोरिंदा नोवेलो. मेरिदात सगळा जन्म कातडीचे आजार पाहण्यात गेला, आणि दवाखाना बंद केल्यापासून राज्याच्या आरोग्य खात्यासाठी तपासणीचं काम करते. लांब बाह्यांचा ब्लाउज मी बारा महिने घालते. या शहरात, या उकाड्यात लांब बाह्या घालणाऱ्या बाईकडे लोक दोनदा पाहतात. पण माझी कोपरं दिसली तर तिसऱ्यांदा पाहतील. तरुणपणापासून मला सोरायसिस आहे. डॉक्टरलाही होतो.

डॉ. रोमुलो पेनिचेचा तो पिवळा बंगला शहरभर माहीत होता. बाळंतिणींनी दिलेल्या नाळेतून मूळपेशी काढायच्या, वाढवायच्या, कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवायच्या आणि सोरायसिसच्या रुग्णांना दर महिन्याला सुईनं द्यायच्या, हे तिथलं काम. "शरीर स्वतःच्याच कातडीशी भांडत असतं," पेनिचे रुग्णांना सांगायचा, "या पेशी त्याची समजूत काढतात." असं होऊ शकेल का यावर जगभर प्रयोग चालू आहेत. छातीठोकपणे अजून कुणी बोलत नाही. पेनिचे बोलायचा.

टाकीची खोली काचेची होती. आत प्रयोगशाळेचा प्रमुख आर्सेनियो दोरांतेस भिंतीला टेकून उभा होता. सडपातळ, विरळ केसांचा माणूस. चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसत होता.

"काल संध्याकाळी मी बंद केली तेव्हा सगळ्या कुप्या जागेवर होत्या," तो म्हणाला. "सकाळी आलो तर दार उघडं, झाकण जमिनीवर."

"कुलूप?"

"फोडलेलं नाही. एक किल्ली माझ्याकडे असते, एक डॉक्टरांची. त्यांची स्वागताच्या टेबलामागे खिळ्याला लटकत असते. अख्ख्या दवाखान्याला ठाऊक आहे."

टाकी माझ्या कमरेएवढी होती, दुधाच्या मोठ्या किटलीसारखी. मी बाही वर केली, चट्टे दिसले तर दिसोत म्हटलं, आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. तळाला बोटं टेकली. हात बाहेर काढला तेव्हा त्याला पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा वास येत होता. कुप्या काढायचे जाड कातडी हातमोजे भिंतीवर टांगलेले होते. मी एक चढवून पाहिला. आतून कडक झालेला, आणि बाहेर माझ्या बोटांचे ठसे उठतील एवढी धूळ.

बाहेर पोलीस त्या बाईला उठवत होते. तिचं नाव नेल्मी त्साब. सांतियागोच्या बागेत गाडीवर मार्केसिता विकायची. त्या चीज घातलेल्या कुरकुरीत गुंडाळ्या मीही खाल्ल्या होत्या. तिची मुलगी सुएमी सव्वा महिन्याची असताना हृदयाच्या दोषानं गेली. नाळ मात्र जन्मावेळीच दवाखान्याला दिलेली. पुढे कुणीतरी तिला सांगितलं की तुझ्या मुलीच्या पेशी जिवंत आहेत, वाढताहेत. तेव्हापासून ती दर रविवारी येऊन काचेबाहेर बसायची.

"गेल्या आठवड्यात हिनं इथं आरडाओरडा केला," पोलीस म्हणाला. "राजधानीतल्या विद्यापीठाला तपासायला एक कुपी पाठवायची ठरली होती. ही म्हणाली, माझ्या पोरीचे तुकडे करून गावोगावी पाठवू नका, मला परत द्या. आणि काल संध्याकाळी छातीशी पिशवी धरून बाहेर पडताना दरवानानं पाहिलं."

वाट पाहणाऱ्या रुग्णांतून एक जण पुढे आला. रेनान एस्पादास. शहरात लग्न असो वा वाढदिवस, गिटार घेऊन खिडकीखाली गाणारा हा माणूस ठरलेला. गोल, तुकतुकीत चेहरा, आखूड बाह्यांचा पांढरा ग्वायाबेरा सदरा. एके काळी त्याचे हात माझ्यापेक्षा वाईट होते. आता त्यावर एक डाग नव्हता.

"सोडा हो तिला! ती चोरी करेल? ती येते, माझ्या हातावरून हात फिरवते आणि म्हणते, सुएमी, कशी आहेस बाळा? मी हात मागे घेत नाही. का घेऊ? हा हात तिच्या लेकीनंच मला दिलाय." मग माझ्याकडे वळून, "डॉक्टरबाई, माझं मेलं नशीबच फुटकं. कांपेचेला गायला गेलो, सुईची तारीख चुकली. आज आलो तर कुप्याच नाहीत."

नेल्मीला गाडीत बसवलं. दार लागायच्या आत तिनं मला हाक मारली. तिचं रडणं थांबलं होतं.

"डॉक्टरबाई, यांना सांगू नका. पण ती आत नाहीये हे मला आजच कळलं नाही. मला खूप आधीपासून माहीत आहे."

२

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात मी तिला भेटले. तिच्या पिशवीतून निघालेली वस्तू टेबलावर होती. पिवळ्या लोकरीचा लहान स्वेटर.

"कुप्या कुठे लपवल्या म्हणून विचारतात," नेल्मी म्हणाली. "मी म्हटलं, पिशवीत हाच होता. दर वाढदिवसाला एक विणते. मापानं मोठा करत नेते. तिला दाखवते आणि घरी नेते."

"या उकाड्यात स्वेटर?"

"आत केवढी थंडी असते! तुम्ही डॉक्टर ना? तुम्हाला माहीत नाही?"

मी स्वेटर उचलून तिच्या हातात दिला. मग विचारलं, "काल गाडीत म्हणालात ते काय होतं?"

तिनं दाराकडे पाहिलं. पोलीस बाहेर कुणाशी तरी हसत होता.

"ती श्वास घ्यायची. तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

"काचेला कान लावला की ऐकू यायचा. बारीक, फुसफुस, झोपलेल्या तान्ह्या मुलासारखा. टोपणापाशी कधी कधी वाफ पण दिसायची. थंड मुलखात तोंडातून येते ना, तशी. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिथंच खाली बसले. डॉक्टर आर्सेनियो धावत आले. त्यांनीच मला आत नेलं, टाकीवर हात ठेवू दिला. फार भला माणूस. दुसरं कुणी माझ्याशी बोलतही नसे."

"आणि मग?"

"मग गेल्या वर्षीचं वादळ आलं. झाडं पडली, वीज गेली, रस्ते बंद. आमच्या वस्तीत तर गुडघाभर पाणी. मी पोचले तेव्हा आठवडा उलटून गेला होता. काचेला कान लावला. काही नाही. डॉक्टर आर्सेनियोंना विचारलं, तर ते म्हणाले, नेल्मी, ती आता मोठी झालीय. मोठी मुलं गाढ झोपतात, त्यांचा श्वास ऐकू येत नाही."

"तुम्हाला पटलं?"

ती स्वेटरच्या बाहीवरचे टाके बोटानं मोजल्यासारखी चाचपत राहिली.

"माझ्या घरात एकदा मूल असंच गप्प झालं होतं, बाई. मला तो गप्पपणा ओळखता येतो. पण मी ठरवलं, की हे बोलतात तेच खरं. नाहीतर मी रविवारी कुठे जाणार होते?"

मी बाहेर पडले. दुःखानं भ्रमलेल्या आईचं बोलणं म्हणून ते बाजूला सारावं असं मी ठरवलं, आणि गाडी सुरू करता करता हात थांबला.

वास. माझ्या हाताला आलेला तो बुरशीचा वास.

द्रव नायट्रोजन भरलेल्या टाकीत, बर्फही लाजेल अशा थंडीत, बुरशी येत नाही. आणि भरलेली टाकी सतत फुसफुसते, कारण नायट्रोजन वाफ होऊन टोपणापाशी निसटत असतो; नेल्मीनं ऐकला तो श्वास हाच. नायट्रोजन उडून गेला तरी तशी जाड टाकी आतून दिवसच्या दिवस गार राहते. संध्याकाळी भरलेली असेल तर सकाळी तिच्यात हात घालणाऱ्याचं कातडं सोलून निघालं असतं. मी खांद्यापर्यंत हात घातला होता, आणि मला साधं गारही लागलं नव्हतं.

चोरी परवा रात्री झालीच नव्हती. चोरायला आत काही नव्हतंच.

मग गेलं वर्षभर रेनानच्या आणि इतरांच्या अंगात सुईनं काय जात होतं?

३

पेनिचेची आणि माझी ओळख मेडिकल कॉलेजपासूनची. त्याच्या खोलीत भिंतभर फोटो होते: उजवीकडे चट्ट्यांनी भरलेल्या पाठी, डावीकडे त्याच पाठी स्वच्छ.

"फ्लोरिंदा, त्या बाईला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "वेडी आहे बिचारी. पण माझं काय नुकसान झालंय याची तुला कल्पना नाही. राजधानीतले लोक माझ्या पेशी तपासणार होते. सगळ्या देशानं मान्य केलं असतं."

"ते कुणाच्या डोक्यातलं?"

"माझ्याच. आर्सेनियो कुरकुरत होता, अजून थांबू या, अजून थांबू या. प्रयोगशाळेतली माणसं अशीच, त्यांना उजेडाची भीती वाटते."

मी फोटोंकडे पाहत होते. "पहिल्या वर्षीचे रुग्ण कुठले?"

"ते वरचे. तेव्हा फरक पडायला चार-चार महिने लागायचे. निम्म्यांना तर नाहीच. आता बघ, आठवड्यात! तिसऱ्या दिवशी खाज बंद. पेशी मुरल्यात असं मी म्हणतो. जुन्या रमसारख्या." तो हसला.

"हा बदल कधीपासून?"

"वादळानंतर. का?"

"काही नाही."

तो उठून खोलीतल्या लहान फ्रिजपाशी गेला आणि एक भरलेली सुई घेऊन आला, टोपण लावलेली, वर आर्सेनियोच्या अक्षरात रेनानचं नाव.

"परवा आर्सेनियोनं रेनानसाठी तयार करून इथं ठेवली होती. तो आलाच नाही. पोलिसांना मी बोललो नाही, आणि आर्सेनियो बहुतेक विसरला. शेवटची आहे." त्यानं ती माझ्यापुढे ठेवली. आवाज एकदम खाली आला. "तू घे. कॉलेजात असताना तू पोहायला कधी यायची नाहीस. सगळ्यांना वाटायचं गर्विष्ठ आहेस. मला माहीत होतं. फ्लोरिंदा, मी उपकार करत नाहीये. खरंच वाटतं म्हणून देतोय."

काय सांगू? मला सगळं कळत होतं. तरी मी ती हातात घेतली आणि माझ्या कोपरांनी जणू ओळखलं. चाळीस वर्षांचे मलम, अतिनील दिवे, आहार, नवस. आणि माझ्या मुलीच्या लग्नात पंख्याखालीसुद्धा घाम पुसत बसलेली लांब बाह्यांची मी. एक सुई.

मी गाडीत येऊन बसले, सुई उन्हाकडे धरली. आतला पांढरा गाळ तळाशी बसला होता. हलवल्यावर पातळ दुधासारखा झाला. हे दूध मी ओळखत होते. कुठून, ते आठवत नव्हतं.

फोन वाजला. रेनानची बायको.

"डॉक्टरबाई, दवाखान्यात कुणी ऐकत नाही. रेनानला ताप चढलाय आणि त्याची कातडी... तुम्ही या हो. त्याची कातडी उकळतेय."

४

रेनान इथं सगळे झोपतात तसल्या जाळीच्या झोपाळ्यात पडला होता. अंगावर चादर सहन होत नव्हती. कालचे ते नितळ हात लालभडक होते, आणि त्या लालीवर मोहरीएवढ्या पुवाच्या पुळ्या, एकीला एक लागून, तळी साचल्यासारख्या. दात वाजत होते.

"गेली," तो म्हणाला. "पोरगी रुसली माझ्यावर. कांपेचेला गेलो म्हणून रुसली."

"गप्प पड. कुशीवर वळ, सुई कुठे द्यायचे बघू दे."

बायकोनं त्याला वळवलं. नितंबावर, सुईच्या जागी, कातडीला खड्डे पडले होते. फिकट, वाटीसारखे, जणू आतलं मांस कुणी चमच्यानं काढून घेतलं असावं.

"हे कधीपासून?"

"वर्षभरात पडले," बायको म्हणाली. "आम्हाला वाटलं सुयांनी होतं. बाकी तब्येत छान होती हो. भूक तर अशी, की रात्रीचं उरलेलं सगळं सकाळपर्यंत साफ. चेहरा कसा भरला होता! माझी आई म्हणायची, जावई चंद्रासारखा दिसतो."

चंद्रासारखा.

ते दूध कुठलं ते आता आठवलं. माझ्या स्वतःच्या दवाखान्याच्या कपाटात ते असायचं. हट्टी गाठींना, सुजलेल्या सांध्यांना थेंब-थेंब द्यायचे. आठवडेच्या आठवडे अंगात झिरपत राहणारं स्टेरॉइड. ते सोरायसिसला तीन दिवसांत झोपवतं, माणसाला भूक लावतं, चेहरा चंद्रासारखा गोल करतं, टोचलेल्या जागी कातडी खचवतं. महिनोन्‌महिने दिलं तर शरीर स्वतःचं तयार करणं सोडून देतं. आणि मग एक दिवस ते अचानक थांबलं, की झोपलेला आजार दसपट होऊन उठतो. माणूस यातून मरू शकतो.

मूळपेशी थांबवल्यानं असं होत नाही. रेनानची सुई चुकली म्हणून तो पहिला. बाकीच्यांच्या तारखा याच आठवड्यात येत होत्या.

"गाडी आणा," मी म्हणाले. "आत्ताच."

मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याला दाखल केलं. रक्तदाब घसरत होता. सलाईनमधून मी तेच औषध मोजून द्यायला सांगितलं ज्यानं त्याचा घात केला होता. दुसरा मार्ग नव्हता. पेनिचेनं दिलेली सुई तपासायला पाठवली आणि पिवळ्या बंगल्याकडे निघाले.

५

वाटेत मी मनाशी सगळं मांडून पाहिलं. टाकी वादळातच मेली. नायट्रोजनची गाडी येऊ शकली नाही, टाकी हळूहळू कोरडी पडली. हातमोज्यांवरची धूळ सांगत होती की त्यानंतर तिच्यातून गोठलेलं काहीही बाहेर निघालेलं नाही. म्हणजे वर्षभर सुया भरणाऱ्यानं टाकी उघडायचं फक्त नाटक केलं. किल्ल्या दोघांच्या. पेनिचेला हे माहीत असतं तर त्यानं तो पुरावा स्वतःच्या हातानं तपासनिसाला दिला नसता, आणि पेशी राजधानीत पाठवायचा आग्रह तर मुळीच धरला नसता. नेल्मीला हवी होती ती मुलगी. तिनं सुयांत दूध कशाला भरावं?

दोरांतेस काचेच्या खोलीत होता. टाकीच्या बाजूला स्टुलावर, हात मांड्यांवर.

मी दार ओढून घेतलं. "आर्सेनियो, रेनान मरायला टेकलाय."

तो स्टुलावरून उठला. "कशानं?"

"तुमच्या सुईनं. म्हणजे सुई थांबल्यानं."

"थांबल्यानं? पण... थांबल्यावर फक्त चट्टे परत येतात ना? हळूहळू?"

त्या एका प्रश्नात सगळं आलं. तो रुग्ण पाहणारा डॉक्टर नव्हता. चोरी रचली की सगळं आपोआप मिटेल, कुप्या नाहीत म्हणून राजधानीतली तपासणी नाही आणि सुयाही नाहीत, सुया नाहीत म्हणून प्रश्न नाहीत, असं त्याला वाटलं होतं. थांबवण्यातच मरण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"औषधाचं नाव आणि मात्रा सांगा," मी म्हणाले. "प्रत्येक रुग्णाची. आत्ता. मग वाटेल तितकं रडा."

त्यानं सांगितलं. अडखळत, पण प्रत्येकाचं नाव घेऊन. मी ते तिथूनच फोनवर सरकारी दवाखान्याला कळवत गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना बोलावून घेतलं. त्यांचं औषध पायरीपायरीनं उतरवावं लागणार होतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "का?"

"वादळात मी इथेच होतो. पाणी ओसरेपर्यंत टाकीजवळ. आवाज बारीक होत गेला, होत गेला आणि थांबला. मी झाकण उघडलं. वाफ नव्हती, कुप्या वितळलेल्या. त्या मी काढून टाकल्या." तो चष्मा पुसू लागला. "पेनिचेंना सांगणारच होतो. खरंच. तेवढ्यात नेल्मीबाई आल्या. चिखलानं भरलेल्या, वस्तीपासून चालत. त्यांनी काचेला कान लावला आणि माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर, माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी ठरवलेलं नव्हतं. एकदा ती जिवंत आहे म्हटल्यावर मग तिच्या कुप्या पण निघायला हव्यात ना? सुया पण भरायला हव्यात?"

"नव्या नाळा घेता आल्या असत्या."

"त्या कुणा दुसऱ्याच्या असत्या. नेल्मीबाई रेनानच्या हातावरून हात फिरवायच्या. तो हात बरा राहायलाच हवा होता."

"आणि त्यांना चोर म्हणून धरून नेलं तेव्हा?"

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. दयेच्या पोटी खोटं बोलणारा माणूस मला समजत होता. पण बाकावरच्या बाईला पोलीस उठवत होते तेव्हा हाच माणूस काचेच्या आत भिंतीला टेकून उभा होता.

"पोलीस येतील," मी म्हणाले. "त्याआधी एक काम आहे. ते मी तुमच्याऐवजी करणार नाही."

६

नेल्मीला त्याच दिवशी सोडलं. सुईतलं दूध तेच निघालं. पेनिचेनं भिंतीवरचे फोटो स्वतः उतरवले. मला त्याची कीव आली, आणि रागही. इतक्या वेगानं बऱ्या होणाऱ्या पाठी पाहून या माणसाला एकदाही शंका आली नाही, कारण त्याला यायला नको होती. त्याचा परवाना खात्यानं थांबवला. रेनान वाचला. कातडी सोलून निघाली, चट्टे सगळे परतले, पण वाचला.

दोरांतेसला घेऊन मी नेल्मीच्या घरी गेले तेव्हा एक पोलीस दारात थांबला. सिमेंटची एकच खोली, झोपाळा, भिंतीला गेलेल्यांसाठी मेणबत्तीची फळी. फळीवर सुएमीचा फोटो नव्हता. जिवंत मुलांचे फोटो तिथं ठेवत नाहीत.

दोरांतेसनं सगळं सांगितलं. बसला नाही. उभ्यानंच, मान खाली घालून. त्याचं सांगणं संपल्यावर नेल्मीनं एवढंच विचारलं:

"कुठला दिवस?"

"काय?"

"ती गेली तो. मला प्रार्थना धरायच्या आहेत."

"वादळाचा तिसरा दिवस. दुपार होती."

"दुपार," नेल्मी म्हणाली. "बरं. म्हणजे अंधारात नाही गेली." मग तिनं मान वर केली, "मग त्यानंतर मी वर्षभर येत होते. काचेशी बसून बोलत होते. तिच्या बाबाचं, गाडीचं, माझ्या पोटातल्या दुखण्याचं. ते कुणाशी?"

दोरांतेस तिच्याकडे न पाहता म्हणाला:

"मी ऐकायचो. आतून."

"सगळं?"

"सगळं."

मला वाटलं आता ती किंचाळेल, किंवा त्याच्या तोंडात मारेल. मारलं असतं तर मी अडवलं नसतं. ती उठली, दाराशी गेली आणि बाहेरच्या अंगणात शेजारणींना हाक मारून म्हणाली की उद्यापासून नऊ दिवस जपमाळ आहे, सुएमीसाठी. "हो, पुन्हा. नाही, तेव्हा नव्हती गेली. आता गेली." मग परत येऊन दोरांतेसपुढे उभी राहिली.

"तुम्ही यायचं. शेवटी तिच्याजवळ तुम्हीच होतात."

खटला उभा राहीपर्यंत त्याला जामीन मिळाला होता. नऊही दिवस तो आला. उंबऱ्याशी खाली बसायचा. रेनान शेवटच्या दिवशी आला, काठी टेकत, आखूड बाह्यांचा ग्वायाबेरा घालून, हातांवरचे चट्टे उघडे टाकून. तो दोरांतेसकडे पाहायचं टाळत होता. नेल्मीनं त्याचा हात हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"दुखतं?"

"खाजतं," रेनान म्हणाला.

"खाजवू नका मग," ती म्हणाली, आणि हात सोडला. तिनं तो पूर्वीसारखा कुरवाळला नाही. तो आता फक्त रेनानचा हात होता.

माळ संपली. शेजारणींनी गरम चॉकलेटचे पेले आणि गोड पाव वाटले. दाराशी बसलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही. आठ दिवस कुणीच विचारलं नव्हतं. नेल्मी स्वतः उठली. एका ताटलीत पाव, एक पेला, आणि ते नेऊन तिनं त्याच्यापुढे ठेवलं. खोलीतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

"खा," नेल्मी म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. पेला दातांवर वाजत होता, पण त्यानं सगळं संपवलं. ती तोवर समोर उभी राहिली. मग तिनं ताटली परत घेतली.

"झालं. आता जा, आर्सेनियो. आणि परत माझ्याशी कधी गोड बोलू नका."